चौऱ्याहत्तर किलो

नव्या सोयाबीनचा धुळकट वास आला की मला ढाणकीच्या अडत्याचा काटा आठवतो. दसऱ्यानंतर माल विकायला आलेल्या शेतकऱ्यांची गर्दी होती, मीही त्यातलाच. मी सिगरेट सोडल्याचं कळताच अडत्यानं सगळ्यांसमोर मला काट्यावर चढवलं. चौऱ्याहत्तर किलो भरलो. "मांगच्या बारीनंही सोडलती तुम्ही, अन् ओल्या सोयाबीनवानी फुगले," तो हसला. "पुढच्या दसऱ्याले वजन वाढलं नसंन तर साऱ्यायले आलूबोंडे माह्याकडून. वाढलं तर इथंच सिगरेट पेटवा लागंन." मागच्या खेपेला याच हसण्यापायी मी पुन्हा ओढू लागलो होतो, आणि आता डॉक्टरनं छातीचा फोटो पाहून साफ बजावलं होतं. ते वर्षभर जेवणानंतर तलफ आली की मी भाजलेली जवस चघळत बांधावरून चकरा मारायचो. रात्रीचा भात बंद केला, तळलेलं सोडलं. पाय थकले की डॉक्टर नव्हे, अडत्याचं तोंड आठवायचं. पुढच्या दसऱ्याला पुन्हा काट्यावर चढलो. चौऱ्याहत्तरच! "काटा बिघडला असंन," अडत्या बोलून गेला. मागून एक म्हातारा कडाडला, "मंग आमचा माल काहून मोजून राह्यला याच्यावर?" सगळे पोत्यांवरून उठले. अडत्याला घाम फुटला. "नाही हो बाबा, काटा बरोबर हाये, यायचंच वजन नाही वाढलं," असं त्याला तीनदा मोठ्यानं सांगावं लागलं. ते आठवलं की आजही मला बरं वाटतं. आलूबोंड्यांचे पैसे त्यानं समोरच्या हॉटेलवाल्याला रोख दिले, आणि मी दोन खाल्ले, त्याच्याकडे पाहत, सावकाश.