सोनीच्या पोटातलं निओडिमियम

मी गाईच्या डाव्या कोपरामागे मोबाईल धरून उभा होतो आणि तिच्या मालकीण, सुनंदावहिनी, गोठ्याच्या दारातून बघत होत्या.

“डॉक्टर, गाईला रेंज येतीय का?”

मला हसू आलं नाही. मोबाईलमधलं होकायंत्र उघडलं होतं. या गाईच्या, राणीच्या, पोटात मी तीन दिवसांपूर्वी लोहचुंबक सोडलं होतं. तिथं मोबाईल धरला की सुई गरकन फिरायला हवी होती. ती जागची हलली नाही.

मी जनावरांचा डॉक्टर. ओतूरच्या आसपासची गावं माझ्याकडे आहेत. आमच्या भागात टोमॅटोच्या बांधणीची तार जिकडेतिकडे पडलेली असते. गाय चाऱ्याबरोबर ती गिळते. तार पोटाच्या चार कप्प्यांपैकी दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसते आणि तिथून हृदय वीतभरही लांब नसतं. तार टोचत टोचत हृदयापर्यंत गेली की गाय हातची जाते. म्हणून बोटाएवढं चुंबक गिळवायचं. ते त्याच कप्प्यात जाऊन बसतं आणि तारेला धरून ठेवतं.

राणीची लक्षणं तारेचीच होती. चारा बंद, रवंथ बंद, पाठ कमानीसारखी. तीन दिवस झाले तरी फरक नव्हता.

मग मी शेजारी बांधलेल्या सोनीच्या कोपरामागे मोबाईल धरला. सुई गरकन फिरली.

खरं सांगतो, पहिला विचार गप्प बसण्याचा आला. दुसरं चुंबक आणून राणीला गुपचूप द्यावं आणि ‘दुसरा डोस’ म्हणावं. पण वहिनींकडे बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, “वहिनी, माझी चूक झाली. चुंबक सोनीला दिलं.”

राणी आणि सोनी जुळ्या. काळे-पांढरे ठिपकेसुद्धा जवळपास सारखे. त्या दिवशी राणीला तपासून मी चुंबक आणायला गेलो, तेवढ्यात वहिनी डेअरीला दूध घालायला गेल्या. जाताना ऊन आलं म्हणून आजारी राणीला त्यांनी सावलीत बांधलं आणि तिच्या खुंट्याला सोनीला. मी खुंटा बघितला, गाय बघितली नाही. त्यांचे सासरे, नाना, गाईचं तोंड धरून उभे होते आणि मी त्यांना व्याख्यान देत होतो. हे साधं चुंबक नाही, नाना. यात निओडिमियम नावाचा दुर्मिळ मृदा धातू आहे. मोबाईलच्या स्पीकरमध्ये असतो, इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरमध्ये असतो. नावाचा अर्थ ग्रीक भाषेत ‘नवा जुळा’. बोलता बोलता चुंबक सोनीच्या जिभेमागे सरकवलं.

“पण नाना, तुम्ही तर सोनीला ओळखता!” मी म्हणालो.

“वळखतो की. वासरू व्हती तवापासून.”

“मग बोलला का नाहीत?”

“शिकल्याला मानूस बोलत असताना मधी कसं बोलायचं? आन् तुमीच म्हनला, नाव जुळं हाय. म्हटलं, जुळ्यातल्या एकीला दिलं की दुसरीला लागू पडत असंल. लई भारी शोध लावलाय म्हटलं.”

वहिनींनी कपाळाला हात लावला. “राणी मेली असती म्हंजी, मामंजी?”

“डॉक्टर हायेत की,” नाना म्हणाले.

दुसरं चुंबक दवाखान्यात होतं. म्हणजे लोखंडी कपाटाला महिनाभर चिकटलेलं होतं. मी आणि आमच्या शिपायाने ओढून ओढून नाद सोडला होता. रजिस्टरात मात्र ‘एक शिल्लक’ असंच होतं. वहिनी स्कूटीवरून माझ्या मागे आल्या. “आता एकटं सोडत न्हाई तुमाला.”

मी कपाटाला पाय लावून ओढायला लागलो. कपाट पुढं आलं, चुंबक सुटलं नाही.

“ओढता कशापायी? सरकवा की,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी फूटपट्टी घेतली आणि चुंबक कडेपर्यंत रेटत नेलं. सुटलं. मी ते खिशात टाकलं, त्याच खिशात किल्ल्या होत्या. दोन्ही वेगळी करायला दारात पाच मिनिटं गेली. वहिनींनी पुन्हा फूटपट्टी पुढं केली. ते जास्त लागलं.

गोठ्यात मी राणीच्या कानातला बिल्ला मोठ्याने वाचला, बाराच्या बारा आकडे. वहिनींनी राणीच्या नोंदीच्या कागदावरून ताडून बघितले. चुंबक आत गेलं. मोबाईल लावला, सुई फिरली.

त्यानंतर चौथ्या दिवशी राणी रवंथ करायला लागली. सोनीला काहीच झालं नाही. खरं तर निरोगी गाईलाही असं चुंबक आधीच देऊन ठेवतात, ते जन्मभर पोटात राहतं. हे मी वहिनींना सांगितलं, पण चूक झाल्यावर सांगितलेली खरी गोष्टसुद्धा सबबच वाटते.

धडा इतकाच, की गाईच्या तोंडाशी उभं राहून धातूशास्त्र शिकवू नये. आणि बिल्ला वाचावा. नाना अजूनही माझा मान ठेवतात, त्यामुळे ते मला कधीच अडवणार नाहीत.