अनवाणी पायाखालची शेपटी

तागाच्या पोत्यांचा वास आला की माझा उजवा तळवा अजूनही आखडतो. त्या नवरात्रात मी अनवाणी होतो आणि आता दसऱ्यानंतरही चप्पल नको, बघता बघता सगळं कळंब अनवाणी फिरेल, असं घरी सांगून बसलो होतो. सोयाबीन विकायला आडतीत गेलो, तर पोत्यांच्या थप्पीजवळ तळव्यात कळ शिरली आणि पायाखाली वाकडी शेपटी दिसली. विंचूच. जीभ जड झाली, पोरांची नावंही आठवेनात. हमालानं वाकून पाय धरला. “मालक, पोती शिवायचं दाभण रुतलंय. शेपटी न्हाय, सुतळी हाय ती. आमी बी नवरात्रात अनवाणीच असतो, पर खाली बघून चालतो.” अनवाणी चालणं पसरेल असं मी आजही सांगतो, चप्पल घालून.