संपलं म्हणू नये

आमच्या वाचनालयात दर महिन्याला आम्ही काही वाचक जमतो आणि वाचलेल्या पुस्तकांना पाचपैकी तारे देतो, हॉटेलातल्या मिसळीला द्यावेत तसे. "संपलं बाई एकदाचं, दोन तारे," असं कुणी म्हटलं की मालतीबाई हटकून टोकत. "संपलं काय म्हणता? घरातलं कुंकूसुद्धा वाढलं म्हणतो आपण. वाचून झालं म्हणा." त्या अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला पुस्तकं वाचून दाखवत. तारे तो देई, त्या आम्हाला येऊन सांगत.

काल बऱ्याच दिवसांनी त्या आल्या. त्यांच्या शेजारी बसलेले गृहस्थ सांगत होते, "शेवटी नायकाचं आजारपण उगाच लांबवलंय. एक तारा कापला." छापलेलं मरण आपल्याला किती बेतशीर लागतं! रडू यावं, पण कंटाळा येता कामा नये. खऱ्या आजारपणाला कुठला आलाय बेत?

मग सवयीनं कुणीतरी विचारलं, "मालतीबाई, तुमचं?"

"पुस्तक अर्धंच राहिलंय," त्या म्हणाल्या. "हे संपले."

त्या शब्दावरून टोकणाऱ्या आमच्यात त्या एकट्याच होत्या.