माझ्या नंबरावरची ॲडमिशन

सुरतेच्या लूमखात्यात, म्हणजे कापडाच्या मागांवर, आत जाताना फोन वॉचमनच्या पेटीत टाकावा लागतो. एरवी त्याचं काही वाटत नाही. पण त्या दिवशी धाकट्या बहिणीची अमळनेरच्या कॉलेजातली बीएस्सीची जागा पक्की करायची शेवटची तारीख होती, आणि ओटीपी येणार माझ्याच फोनवर. नववीतून शाळा सोडून निघालो तेव्हा घरात मोबाइल एकच होता. तिच्या आधारला, फॉर्मला तोच नंबर लावलेला. तो माझ्यासोबत इकडे आला. ती तिकडे शिकत राहिली.

खात्याच्या मुकादमाला, मास्टरला, भीत भीत सांगितलं. तो म्हणाला, "तू नाही शिकलास, बहीण तरी शिकू दे. फोन घे आणि गेटवर जाऊन बस." माझे लूम त्याने स्वतः सांभाळले. हे उपकार मी विसरणार नाही.

कॉलेजातून, बाबांच्या फोनवरून तिचा कॉल आला. "भाऊ, ओटीपी उना का?"

"नही उना वं. तठे गर्दी शे का?"

"बठ्ठ्या पोरीच शेतस. पोरे तुना मांगे सुरतले गयात ना!"

ती हसली. मला हसू येईना. सगळ्या पोरीच, हे खरंच होतं. शाळेत माझ्या बाकावरचे दोघं इथेच लूमवर आहेत. पूर्वी पोरींना दहावीनंतर घरी बसवायचे. आता त्या एसटीच्या पासावर कॉलेजला जातात आणि पोरंच आधी सुरतेची गाडी पकडतात.

ओटीपी आला. घाईत मी सहाच्या जागी नऊ सांगितला. चुकला. दुसरा येईना. गेटजवळची रेंज गेली, मी फोन उंच धरून रस्त्यावर धावलो. माझ्यामुळे हिची जागा जाते की काय! एकदाचा आला. एकेक आकडा सांगितला, तिच्याकडून परत म्हणवून घेतला.

पलीकडे कीबोर्डची टकटक.

"झायं, भाऊ."

मी तिथेच खाली बसलो.

"आते मी मना नवा नंबर लावसू," ती म्हणाली, "तुले कामवरथून उठाडानी गरज नही."

बरं झालं, म्हणालो. तरी दुसऱ्या दिवशी पाळी सुटताच पेटीशी जाऊन वॉचमनला विचारलं, "फोन वाजला का माझा?"

"आज कोणाची ॲडमिशन?" त्याने विचारलं.

कोणाचीच नव्हती.