ओली चूल
निजामाची राजवट संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतरच्या हिंसेत पेडगावहून जीव वाचवून आलेल्या जुलेखाआपांचा संसार सेलूत पुन्हा मोडला, तो १९४९च्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. आज शेजारी कुणी चूल लिंपतंय; त्या ओल्या मातीच्या वासानं मला तिथंच नेलं.

भाड्याची खोली मीच मिळवून दिली होती. “आपा, आता चूल घाला,” असंही मीच म्हणालो.

आपांनी नुकतीच घातलेली ती ओली चूल मालकानं लाथेनं मोडली. “तीन दगडं मांड म्हणलं व्हतं. चूल घातली की भाडेकरू हालत न्हाई!”

“भाऊ, तुमीच म्हनले ना?” मातीचे हात तसेच धरून आपांनी मला विचारलं.

खोली तरी टिकावी म्हणून मी गप्प बसलो. तेव्हा ते शहाणपण वाटलं, आज भेकडपणा वाटतो. दिवस मावळायच्या आत मालकानं त्यांना बाहेर काढलंच.

खोली देणाऱ्यांनो, चूल घालू द्या. आणि तसं कागदावर लिहून द्या.