नऊ कार्डांवरचा एकच आकडा

कापड रंगवणाऱ्या त्या कारखान्यात बॉयलर सांभाळणाऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. वाफेचा दाब दर तासाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहून तो वहीत उतरवी. अंदाजपंचे आकडा लिहिणाऱ्याला तो भट्टीजवळ फिरकू देत नसे.

कामगारांची आरोग्य तपासणी वर्षातून एकदा कॅन्टीनमध्ये होई. तिथे जायचे तर बदली माणूस मागावा लागे आणि मागणे मिस्त्रीला कमीपणाचे वाटे. म्हणून कारखान्याचा कंपाउंडरच रक्तदाबाचे यंत्र घेऊन बॉयलरपाशी आला. रक्तदाब निघाला एकशेवीस-ऐंशी. तो तपासणीच्या कार्डावर लिहून त्याने शिक्का मारला. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला.

"मिस्त्री, बाही वर करा."

"हात काळे आहेत रे. मागच्या वर्षीचंच उतरव. मी काय बदललोय?"

"पोट बदललंय."

"पोटाचा रकाना आहे का तुझ्या कार्डावर?"

दोघेही हसले आणि नव्या कार्डावर जुनाच आकडा उतरला. ती रीतच पडली.

घरी मात्र बायकोची नजर चुकत नव्हती. सकाळी त्याचे डोके ठणके, संध्याकाळी बूट पायांतून निघता निघत नसत. "अहो, एकदा डॉक्टरांना दाखवून या ना," ती म्हणे. तो नवे कार्ड तिच्यापुढे टाकी. "हे बघ. शिक्का आहे. आता तरी जिवाला घोर लावू नकोस." ती ते कार्ड जपून फायलीत लावी आणि गप्प बसे.

बावन्नाव्या वर्षी दहा पायऱ्या चढताना त्याला धाप लागली. इस्पितळात दाब दोनशे दहावर गेलेला आढळला. दोन्ही मूत्रपिंडे आकसली होती.

"हे काल-परवाचं दुखणं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "याआधी कधी तपासलं होतं?"

बायकोने मोठ्या विश्वासाने फाईल पुढे केली. बाईंनी नऊ कार्डे ओळीने मांडली.

"नऊ वर्षं आकडा तसूभर हलला नाही? जिवंत माणसाचा असा राहत नाही. वेळीच खरा कळला असता, तर बहुधा गोळ्यांवर निभावलं असतं."

त्या गेल्यावर बायको उसळली. "तो मेला कंपाउंडर. उद्याच कारखान्यात जाऊन त्याची खरडपट्टी काढते."

मिस्त्री गप्प राहिला असता, तर दोष आपसूक दुसऱ्याच्या माथी गेला असता.

"त्याला काही बोलू नकोस. तो यंत्र घेऊनच यायचा. मीच परत पाठवायचो."

"दर वर्षी?"

"पहिलं सोडून."

"आणि तीच कार्डं मला दाखवायचात. मी काळजीनं विचारलं की."

"हो."

तिने कार्डे गोळा केली नाहीत. ती उठली, डायलिसिसच्या कागदावर सही करून आली. आठवड्यातून तीनदा, सकाळी सातला.

तिने एकही खेप चुकू दिली नाही. मात्र त्याला कसे वाटते, हे त्या दिवसानंतर तिने त्याला कधी विचारले नाही. विचारायचे ते ती नर्सला विचारी, त्याच्यासमोरच.