गोड पाणी आणि सासूबाईंचा तांब्या
कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. पाण्यातलं मला सगळं कळतं, असं मात्र आता म्हणत नाही.

मौद्याजवळचं गाव सोडून सासूबाई आमच्याकडे शहरात, नंदनवनला राहायला आल्या, तेव्हा त्यांनी गावच्या तलावातलं पाणगवत आणि बोटभर लांबीचे पाच मासे डब्यात घालून आणले होते. मी काचेची टाकी आणून दिली. सकाळचा चहा त्या टाकीपाशीच बसून घ्यायच्या. महिन्याभरात गवत पिवळं पडायला लागलं आणि त्यांचं बोलणंही कमी झालं.

मला चेव चढला. पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमी पडतोय, असं मी त्यांना वर्गात सांगावं तसं सांगितलं. कोल्ड्रिंकच्या बाटलीत साखर, कोमट पाणी आणि चिमूटभर यीस्ट घातलं. झाकणाला भोक पाडून नळी टाकीत सोडली. यीस्ट साखर खातं आणि हा वायू सोडतं, तो पाण्यात विरघळला की पानं त्यावर वाढतात. पंधरा दिवसांत नवी हिरवी पाती फुटली. सासूबाई शेजारणींना बोलावून दाखवायच्या, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलेलीच.

मे महिन्यात मी साखर दुप्पट केली आणि बाटली गळ्यापर्यंत भरली.

"एवढं गोड काहून वं?" त्यांनी विचारलं.

"आई, तुम्हाला त्यातलं कळायचं नाही," मी फटकन बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर उकाड्यानं बाटली फसफसून गोड फेस नळीतून थेट टाकीत गेलेला. पाणी दुधाळ झालं होतं. पाचही मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. कारण मला लगेच कळलं. साखरेवर जिवाणू माजले, त्यांनी प्राणवायू संपवला आणि कार्बन डायऑक्साइड नको इतका वाढवला. रात्रीच्या अंधारात झाडंही प्राणवायू देत नाहीत. एवढं सगळं कळूनही मी मोबाइलवर उपाय शोधत, स्वतःवर चिडत नुसती उभी होते.

सासूबाईंनी पदर खोचला. नळी काढली, अर्धं पाणी उपसलं, ड्रममध्ये भरून ठेवलेलं पाणी टाकीत घातलं. मग तांब्यानं टाकीतलंच पाणी घ्यायचं आणि हातभर उंचीवरून परत सोडायचं, असं सुरू केलं.

"आमच्या तलावात मोहाची फुलं पडत," हात न थांबवता त्या म्हणाल्या. "पानी गोड झालं का मासे असेच वर येत. मंग आम्ही काठीनं पानी बडवत होतो. बडवलं का हवा जाते त्याच्यात."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"इचारलं होतं ना वं तुले."

दोन तास त्यांचा हात चालू होता. मी तांब्या मागितला, तर म्हणाल्या, तू बादली भर. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी नीट पाहिलंच नव्हतं, याची मला लाज वाटली. आणि त्याहून जास्त त्यांचा अभिमान वाटला.

एकेक करत मासे खाली गेले. शेवटचा पाचवाही गवतात शिरला, तेव्हा त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि साखरेचा डबा घेऊन आल्या. घरात काही चांगलं झालं की हातावर साखर ठेवायची, ही त्यांची नेहमीची रीत.

"हात कर पुढं."

माझ्या तळहातावर त्यांनी चिमूटभर साखर ठेवली आणि डब्याचं झाकण लावलं.

"एवढी पुरते," त्या म्हणाल्या.